पहूरचा फाटा : चालकाचे तास कोणी मोजले?

जळगावहून अजिंठ्याकडे निघालेला रस्ता पहूरला पोचतो, तेव्हा त्याला दुसरा रस्ता येऊन मिळतो. पहिला फर्दापूर, अजिंठा, सिल्लोड करीत छत्रपती संभाजीनगरकडे जातो; आज त्याचा क्रमांक ७५३ एफ. दुसरा पहूरलाच सुरू होतो आणि जामनेर, बोदवड, मुक्ताईनगर, बऱ्हाणपूर या वाटेने खांडव्याला जातो. तो ७५३ एल. वाघूर नदीच्या काठच्या या गावाचे दोन भाग आहेत, पहूर पेठ आणि पहूर कसबे. दोन्ही नावांत बाजार आहे. रस्ते येथे आज भेटू लागलेले नाहीत, एवढे त्यांवरूनच कळते.

या फाट्यावर रात्री दोन वाहने शेजारी उभी राहतात. एक एसटीची बस, दुसरी मालमोटार. दोघांचे चालक अवजड वाहनाचा परवाना बाळगणारे, दोघांना पुढचा अजिंठ्याचा घाट सारखाच चढायचा. पण एसटीच्या चालकाची कामगिरी कागदावर लिहिलेली असते: कोणत्या आगारातून निघायचे, किती वाजता पोचायचे, मुक्काम कोठे. मालमोटारीच्या चालकाला एवढेच ठाऊक असते की माल अमुक गावी, शक्य तितक्या लवकर उतरला पाहिजे. एकाच रस्त्यावरच्या, एकाच कौशल्याच्या दोन माणसांत हे अंतर कसे पडले, हा वाहतुकीच्या इतिहासातला एक दुर्लक्षित प्रश्न आहे.

त्यासाठी आधी इंजिनाच्या पूर्वीचा काळ पाहावा लागतो.

खानदेश आणि मराठवाडा यांच्यामध्ये अजिंठ्याची डोंगररांग आडवी पडली आहे. तिच्यातून माल नेण्याचे काम शतकानुशतके वंजारी-लमाणांच्या तांड्यांनी केले. पाठीवर गोण्या लादलेले शेकडो बैल, त्यांच्याबरोबर अख्खी कुटुंबे. धान्य, मीठ, कापूस. युद्धाच्या दिवसांत सैन्याची रसद. हे जीवन सुखाचे होते असे मानण्याचे कारण नाही. मात्र त्यात एक मर्यादा आपोआप पाळली जाई. बैल थकत असे. त्याला रोज चरावे लागे, पाणी प्यावे लागे, बसून रवंथ करावा लागे. बैलाने बसायचे ठरवले की माणसालाही बसावे लागे. तांड्याच्या माणसाचे कामाचे तास कोणत्याही कायद्याने ठरवलेले नव्हते. ते जनावराच्या पोटाने ठरवले होते.

याच काळातला एक मराठी शब्द येथे लक्षात ठेवण्याजोगा आहे: हुंडेकरी. एका ठिकाणचा माल दुसऱ्या ठिकाणी पोचवण्याचा ठोक मक्ता घेणारा तो हुंडेकरी. त्याने ठरवलेल्या रकमेत, म्हणजे हुंडेभाड्यात, बैलांचे भाडे तर येईच, शिवाय वाटेतल्या सगळ्या जकातीही येत. व्यापारी एकदाच पैसे मोजून मोकळा होई. वाटेत किती चौक्या लागल्या, कोणी किती मागितले, किती दिवस खोळंबा झाला, हे सारे हुंडेकऱ्याच्या माथी. धोका रस्त्याचा आणि तो वाहणाऱ्याचा, ही रीत तेव्हापासूनची आहे. शब्द आता आडनावापुरता उरला. रीत कशी टिकली ते पुढे येईलच.

१८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे खानदेशातून गेली. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना हिंदुस्थानी कापूस हवा होता. जळगाव पाहता पाहता कापसाची पेठ झाले. लांबच्या प्रवासातून तांडे उठले. बैलगाडी मात्र उठली नाही, कारण शेतापासून स्टेशनापर्यंतचे अंतर रेल्वे तोडू शकत नव्हती. जामनेर तालुक्यासाठी ते अंतर पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस कमी झाले. पाचोऱ्याहून जामनेरपर्यंत सुमारे ५६ किलोमीटरची, अडीच फूट रुंदीची अरुंद लोहवाट पडली. लोकांनी तिला ‘पीजे’ म्हटले. पहूर हे तिच्यावरचे स्टेशन. अजिंठ्याची लेणी पाहायला येणाऱ्यांनाही जुनी प्रवासपुस्तके याच स्टेशनावर उतरायला सांगत.

पीजेने पहूरला जगाशी जोडले खरे, पण एका अडचणीसह. पाचोऱ्याला तिची अरुंद वाट संपे आणि मोठी वाट सुरू होई. कापसाची प्रत्येक गाठ तेथे एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावी लागे. माल शेतातून गाडीत, गाडीतून छोट्या डब्यात, तेथून मोठ्या डब्यात. प्रत्येक वेळी हमाली, प्रत्येक वेळी खोळंबा. मोटार आली तेव्हा तिने रेल्वेशी वेगाची स्पर्धा केली असे सहसा सांगितले जाते. पहूरसारख्या गावी तिने प्रथम जिंकले ते चढ-उताराला. दारात लादलेला माल दारातच उतरतो, एवढी एक गोष्ट पुरेशी होती.

१९३० च्या मंदीत रेल्वेचे उत्पन्न घसरले आणि मोटारीची ही स्पर्धा सरकारला डाचू लागली. मिचेल आणि कर्कनेस या दोन अधिकाऱ्यांनी १९३२-३३ मध्ये देशभर फिरून रस्ते आणि रेल्वे यांच्या चढाओढीचा अहवाल दिला. काही वर्षांनी वेजवुड समितीने तोच विषय रेल्वेच्या बाजूने मांडला. या साऱ्या चर्चेतून १९३९ चा मोटार वाहन कायदा जन्मला. परवान्याशिवाय भाड्याचा माल नेता येणार नाही, ही त्यातली मुख्य तरतूद. आणि त्याच कायद्याच्या ६५ व्या कलमात, बहुतेकांच्या नजरेतून निसटलेली, आणखी एक तरतूद होती. नोकरीस ठेवलेल्या चालकाला सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती दिल्याशिवाय गाडी चालवू देऊ नये. दिवसात नऊ तासांपेक्षा आणि आठवड्यात चोपन्न तासांपेक्षा अधिक काम देऊ नये.

या कलमाचा नमुना घरचा नव्हता. ब्रिटनच्या १९३० च्या रस्ता वाहतूक कायद्याने सलग साडेपाच तास आणि दिवसाला अकरा तास अशी मर्यादा घातली होती. अमेरिकेत आंतरराज्य वाणिज्य आयोगाने त्याच दशकाच्या अखेरीस चालकांच्या तासांचे नियम केले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने तर रस्ते वाहतुकीतील कामाचे तास आणि विश्रांती यांवरचा करार १९३९ सालीच मंजूर केला. म्हणजे कागदावर हिंदुस्थान जगाच्या मागे नव्हता. नऊ तासांचा आकडा ब्रिटनच्या अकरा तासांहून उदारच म्हणावा लागेल.

प्रश्न मोजण्याचा होता. पहूरहून रात्री सुटलेल्या मोटारीतला माणूस किती तास जागा होता, हे कोण पाहणार? गिरणीला भोंगा असतो, फाटक असते, हजेरीपट असतो. मोटारीला यांपैकी काही नाही. युरोपात याचे उत्तर यंत्राने शोधले गेले. गाडीचा वेग आणि चालण्याचे तास कागदी चकतीवर आपोआप कोरणारे टॅकोग्राफ नावाचे उपकरण युरोपीय आर्थिक समुदायाने १९७० च्या नियमाने मालमोटारींना सक्तीचे करण्यास सुरुवात केली. ब्रिटिश चालकांनी त्याला केबिनमधला हेर म्हणून हिणवले आणि बराच काळ विरोध केला. नंतर याच हेराच्या साक्षीवर मालकाला ‘आता गाडी थांबवतो’ असे सांगणे त्यांना शक्य झाले. भारतात असे उपकरण सर्रास कधीच आले नाही. कलम होते, पण त्याला घड्याळ नव्हते.

स्वातंत्र्यानंतर दोन्ही चालकांच्या वाटा वेगळ्या झाल्या. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी राज्य परिवहनाची पहिली बस धावली. मुंबई राज्याने प्रवासी वाहतूक हळूहळू स्वतःकडे घेतली. मालवाहतूक खासगी हाती राहू दिली. यामागे कारणे होती. प्रवासी ठरलेल्या वेळी ठरलेल्या रस्त्याने जातो, त्याचे वेळापत्रक करता येते. माल तसा नसतो. तो हंगामाने येतो, एका गावाहून निघतो आणि परत येताना गाडी रिकामी राहण्याची भीती असते. सरकारने वेळापत्रक होणारा धंदा घेतला आणि न होणारा सोडला. परंतु त्या निर्णयाबरोबर माणसांचीही वाटणी झाली. बसच्या चालकाला आगार मिळाले, गणवेश मिळाला, भविष्यनिर्वाह निधी आणि युनियन मिळाली. जामनेरच्या आगारात आज त्याच्या नावाची नोंद असते. मालमोटारीच्या चालकाची नोंद असलीच तर मालकाच्या डायरीत.

एसटीच्या चालकाचे सारे सुखाचे आहे असे मुळीच नाही. २०२१ च्या ऑक्टोबराअखेरीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत चाललेला संप कोणी विसरलेले नाही. पण त्या संपालाही आगाराचे फाटक होते, जेथे बसून राहता येत होते.

आता त्या मालमोटारीकडेच वळू, कारण चालकाच्या आयुष्याचा खरा दस्तऐवज ती स्वतः आहे.

दुसरे महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या फोर्ड आणि शेव्हरोले बनावटीच्या मोटारी लिलावात निघाल्या आणि नागरी वाहतुकीत आल्या. बहुतेक पेट्रोलवर चालणाऱ्या, लष्करी धावपळीने खिळखिळ्या झालेल्या. खरा बदल झाला १९५४ मध्ये. टाटांच्या टेल्को कंपनीने जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी करार करून जमशेदपूरला डिझेल मालमोटारी बनवण्यास आरंभ केला. पुढची पंधरा वर्षे त्या गाड्यांच्या तोंडावर बेंझचा तीन पात्यांचा तारा होता. १९६९ मध्ये करार संपला आणि टाटांचे चिन्ह आले. मद्रासजवळ एन्नोरला अशोक लेलँड, कुर्ल्याला प्रीमियरच्या डॉज आणि फार्गो. नावे बदलत, पण या गाड्यांत एक गोष्ट समान होती: कारखाना बहुधा पूर्ण मोटार विकत नसे. तो चेसिस विके.

चेसिस म्हणजे सांगाडा: इंजिन, चाके, सुकाणूचक्र आणि दोन लांब लोखंडी पट्ट्या. छप्पर नाही, दार नाही, पुढची काचही नाही. कारखान्यातून ही उघडी चेसिस शेकडो मैल चालवत नेणारे चालक डोक्याला फडके गुंडाळून, डोळ्यांवर चष्मा चढवून, लाकडी फळीवर बसून ऊन-पावसातून जात. ती बॉडी बांधणाऱ्या सुताराच्या आणि लोहाराच्या हाती पडली की मग तिला केबिन मिळे. केबिन लाकडाची आणि पत्र्याची. तिच्यावरची नक्षी, मोर, देवतांची चित्रे, गोंडे आणि मागच्या फाळक्यावरची वाक्ये यांचे कौतुक बरेच झाले आहे. (त्यांपैकी ‘हॉर्न ओके प्लीज’ या तीन शब्दांवर महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी २०१५ मध्ये बंदी घातली, विनाकारण भोंगा वाजवण्यास त्यांनी उत्तेजन मिळते म्हणून.) कौतुकात एक गोष्ट झाकली जाते. केबिन किती मजबूत असावी, आसन कसे असावे, समोरून धडक बसली तर माणूस कसा वाचावा, हे गाडीच्या अभियंत्याने ठरवलेले नव्हते. ते मालकाने सुताराला दिलेल्या पैशांवर ठरे. इंजिनाला जर्मन मापे होती. माणसाच्या बैठकीला कोणतेच माप नव्हते.

त्या बैठकीवरून अजिंठ्याचा घाट कसा दिसत असेल? पुष्कळ गाड्यांत इंजिनाचा मोठा भाग केबिनमध्येच येई, चालकाच्या डाव्या गुडघ्याला लागून. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो. त्यात ही भट्टी शेजारी. सुकाणूला शक्तीची जोड नसल्याने वळणावर पूर्ण अंगाचा जोर लावावा लागे. जुन्या गिअरपेटीत एक गिअर काढून दुसरा टाकताना क्लच दोनदा दाबावा लागे आणि इंजिनाचा आवाज कानाने ओळखून नेमका क्षण साधावा लागे. चुकला तर दाते करकरत. चढताना रेडिएटरचे पाणी उकळे, म्हणून वाटेत थांबून कॅनमधले पाणी ओतायचे. उतरताना भीती उलटी. सतत ब्रेक दाबला की तो तापतो आणि ऐन वेळी धरत नाही. म्हणून जाणता चालक ज्या गिअरने घाट चढला त्याच गिअरने उतरे, गाडी इंजिनाच्या बळावर रोखून धरी. हे शिक्षण कोणत्या शाळेत नव्हते.

ते शिक्षण क्लीनरच्या जागेवर मिळे. गावाकडच्या बोलीत ‘किन्नर’. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा गाडी धुण्यासाठी चढे आणि सात-आठ वर्षांनी चालक होऊन उतरे. घाटात गाडी थांबली की उडी मारून चाकामागे दगड लावणे, मागे घेताना फाळक्यावर थाप मारून इशारा देणे, ताडपत्री ताणून दोर आवळणे, रात्री चालकाशी बोलत राहून त्याला जागे ठेवणे, हे त्याचे काम. हत्यारे मोजकी: जॅक, टॉमी, पाने, दोर, एक स्टेपनी, रॉकेलचा स्टोव्ह. त्यांत सर्वांत धोक्याचे काम वरकरणी साधे दिसे. जुन्या चाकांत टायर धरून ठेवणारी पोलादी रिंग असे. हवा भरताना ती नीट बसलेली नसली तर गोळीसारखी उडे. जुन्या चालकाने नव्या पोराला शिकवलेल्या पहिल्या गोष्टींत ही एक: हवा भरताना चाकासमोर उभे राहायचे नाही. आज क्लीनर कमी झाले आहेत, पगार वाचवण्यासाठी बऱ्याच गाड्या एकट्या चालकावर धावतात. जागे ठेवणारा आवाज गेला, आणि पुढचा चालक घडवणारी शाळाही गेली.

कायदा या काळात झोपला नव्हता. १९६१ मध्ये संसदेने मोटार वाहतूक कामगार कायदा केला. तो वाचताना आजही आश्चर्य वाटते, इतका तो तपशिलात जातो. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. लांबच्या प्रवासात फार तर दहा आणि चोपन्न. पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती. आठवड्याची सुट्टी. जास्त कामाला दुप्पट वेतन. गणवेश, रेनकोट, प्रथमोपचाराची पेटी. रात्रीचा मुक्काम जेथे पडतो तेथे विश्रांतीची खोली. एवढे सारे देऊन त्याच्या पहिल्याच कलमात एक दार उघडे ठेवले होते: हा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उपक्रमांना लागू.

एसटीकडे हजारो कामगार होते. तिला कायदा पूर्ण लागू झाला. मालमोटारींच्या धंद्यात बहुसंख्य मालकांकडे एक, दोन किंवा तीन गाड्या. पाच गाड्या झाल्याच तर एक पत्नीच्या नावावर, दुसरी भावाच्या. गाडी ज्याच्या भाड्यावर चाले तो ट्रान्सपोर्टवाला चालकाचा मालक नव्हता. ज्याचा माल तो व्यापारी तर नव्हेच. कायद्याने ज्यांच्यासाठी विश्रांतीच्या खोल्या लिहिल्या त्यांच्यापैकी बहुतेक ढाब्यावरच्या बाजेवर झोपले.

यावर उपाय नव्हता असे म्हणता येत नाही, कारण महाराष्ट्रानेच तो आठ वर्षांनी करून दाखवला. हमालाचाही कायम मालक नसतो. तो आज या दुकानाची पोती उचलतो, उद्या त्या. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली माथाडी कामगारांनी लढा दिला आणि १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालांची आणि माल देणाऱ्यांची एकाच मंडळात नोंद करायला लावली. मजुरी मंडळात जमा होते, तिच्यावरच्या आकारणीतून निधी आणि रजा मिळते. मालक कोण हा प्रश्नच त्या कायद्याने बाजूला सारला. म्हणजे बाजार समितीच्या आवारात मालमोटार भरली जात असताना, पोती चढवणाऱ्या नोंदणीकृत माणसाच्या पाठीशी मंडळ उभे होते आणि ती पोती पाचशे मैल नेणाऱ्याच्या पाठीशी कोणी नव्हते. स्वतंत्र भारताच्या श्रमकायद्यात याहून विचित्र विसंगती सापडणे कठीण.

२०२० मध्ये १९६१ चा कायदा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीच्या संहितेत विलीन करण्यात आला. त्या संहितेच्या व्याख्येत मोटार वाहतूक उपक्रम येतो तो दहा किंवा अधिक कामगारांचा. उघडे दार दुप्पट रुंद झाले.

तास मोजले जात नव्हते तेव्हा वेळ जात होता कोठे? पुष्कळसा थांबण्यात. १९३९ च्या परवाना पद्धतीत प्रत्येक राज्याची वेगळी परवानगी लागे. राष्ट्रीय परवान्याची योजना १९७५ मध्ये आली तेव्हा ती गाठ थोडी सैल झाली. शहरांच्या वेशीवर जकात नाके, राज्यांच्या सीमेवर तपासणी नाके. नाक्यावर रांगेत उभी असलेली गाडी चालत नसते, पण तिचा चालक झोपलेलाही नसतो. रांग दर दहा मिनिटांनी एक गाडी पुढे सरकते. आणि नाक्यावर गेलेली रात्र पुढे रस्त्यावर भरून काढावी लागते. चालकाला मालक निघताना ‘खर्ची’ देतो: डिझेल, पथकर, जेवण, वाटेतले देणेघेणे सारे त्यात. अनेकदा ठोक रकमेचाच व्यवहार असतो. वाचले ते चालकाचे, कमी पडले तेही त्याचेच. हुंडेभाड्याची जुनी रीत ती हीच. फरक एवढाच की हुंडेकरी मक्तेदार होता, त्याच्या गाठीला भांडवल होते. तोच धोका आता पगारी माणसाच्या खिशात उतरला.

खानदेशात त्यात पिकांची घाई मिसळते. रावेर, यावल, जामनेरची केळी एकदा कापली की तिचे दिवस मोजून ठरलेले. दिल्लीच्या बाजारात ती हिरवी पोचली पाहिजे. कापसाला थांबता येते, त्यामुळे कापसाचा चालक थांबण्याने थकतो. केळीचा चालक न थांबण्याने. सेव्हलाइफ फाउंडेशनने २०२० मध्ये देशातल्या दहा शहरांत केलेली पाहणी प्रसिद्ध झाली, तेव्हा मालमोटारीचा चालक दिवसाला सरासरी सुमारे बारा तास गाडी चालवतो आणि चारशेहून अधिक किलोमीटर कापतो असे दिसले. थकवा किंवा झोप आलेली असतानाही गाडी चालवत राहतो, असे जवळपास निम्म्यांनी सांगितले.

१ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला आणि नाके उठले. पुढच्या वर्षी, १ एप्रिल २०१८ पासून, राज्याबाहेर जाणाऱ्या मालाला ई-वे बिल सक्तीचे झाले. या बिलाला मुदत असते, आणि ती अंतरावर ठरते: आधी दर १०० किलोमीटरला एक दिवस, १ जानेवारी २०२१ पासून दर २०० किलोमीटरला एक दिवस. येथे इतिहास एक चमत्कारिक वळण घेतो. १९३९ पासून चालकाचे तास मोजण्याचे साधन सापडले नव्हते. मालाचे तास मोजण्याचे साधन वर्षभरात देशभर बसले. आणि त्या साधनाच्या हिशेबाने दिवसाला २०० किलोमीटर ही मालासाठी वाजवी चाल आहे. त्या मालाला वाहून नेणारा माणूस मात्र रोज दुप्पट चालतो. पथकराच्या नाक्यावर फास्टॅगची नोंद पडते, मोबाइलवर गाडीचा ठावठिकाणा मालकाला दिसतो. गाडी किती तास थांबली हे मालक फोन करून विचारतो. किती तास थांबली नाही, हे त्याच नोंदींतून कोणालाही काढता येईल. ते काढण्याचे बंधन कोणावर नाही.

या सगळ्याचा स्फोट झाला तो तासांच्या प्रश्नावर नव्हे, शिक्षेच्या. नव्या भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमाचे दुसरे उपकलम सांगते की बेदरकारपणे गाडी चालवून मृत्यूस कारण झालेला चालक पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळून गेला, तर त्याला दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुन्या दंड संहितेत निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूला दोन वर्षे होती. २०२४ च्या पहिल्याच दिवशी देशभर मालमोटारी उभ्या राहिल्या. मनमाडजवळ पानेवाडीच्या इंधन साठ्यातून टँकर निघेनात आणि उत्तर महाराष्ट्रातल्या पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. चालकांचे म्हणणे होते की अपघातानंतर थांबले तर जमाव मारतो आणि निघाले तर दहा वर्षे. मृताच्या घरच्यांची बाजूही तितकीच खरी होती: रस्त्यावर पडलेल्याला उचलायला कोणी थांबत नाही. २ जानेवारीला केंद्रीय गृहसचिवांनी वाहतूकदारांच्या संघटनेशी चर्चा करून कलम तूर्त लागू न करण्याचे सांगितले. १ जुलै २०२४ ला नवी संहिता देशभर लागू झाली, ते उपकलम वगळून.

त्या दोन दिवसांत खानदेशच्या लोकांना एक गोष्ट दिसली, जी पूर्वी कधी इतकी उघड नव्हती. ज्यांना आगार नाही, फाटक नाही, मंडळ नाही, ते चालक फक्त गाडीची किल्ली काढून घेऊन दबाव आणू शकतात. मात्र मागणी पुढे आली ती एका कलमापुरती. आठ तास, अर्ध्या तासाची विश्रांती, रात्रीची खोली, हे १९६१ चे शब्द कोणाच्या फलकावर नव्हते.

साधनांच्या बाजूने थोडे घडले आहे. केबिन कारखान्यातून बांधून येण्याचे प्रमाण वाढले, सुकाणूला शक्ती मिळाली. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचना काढली: १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या, साडेतीन टनांहून अधिक एकूण वजनाच्या मालमोटारींच्या केबिनमध्ये वातानुकूलन असलेच पाहिजे. बेंझचा तारा मिरवणाऱ्या पहिल्या डिझेल मोटारीपासून या नियमापर्यंत एकाहत्तर वर्षे गेली. नियम नव्या गाड्यांचा आहे. जुन्या गाड्या त्यांचे आयुष्य संपेपर्यंत धावतील, आणि खानदेशात मालमोटारीचे आयुष्य लांब असते.

पीजेची छोटी गाडी मार्च २०२० च्या टाळेबंदीत थांबली. तिच्या जागी मोठी लोहवाट टाकण्याचे काम मंजूर झाले आहे. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने चाळीसगाव-कन्नड दरम्यानचा औट्रम घाट अवजड वाहनांना बंद झाला, आणि डोंगररांग ओलांडण्याच्या वाटांपैकी एक वाट मालमोटारींसाठी कमी झाली. पहूरच्या फाट्यावरून अजिंठ्याकडे वळणारे दिवे रात्रभर दिसतात. एसटी मुक्कामाला गेलेली असते.